हार्ड डिस्क तपासताना स्क्रीनवरचे रंग कसे निवडावेत, कसे वाचावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. चादर-टॉवेलच्या कारखान्यांतले हिशोबाचे कॉम्प्युटर, फोटो स्टुडिओच्या डिस्का, डीटीपीवाले, शाळेच्या लॅबा, कॅमेऱ्यांचे डीव्हीआर असं सगळं येतं. डिस्क तपासणीला लावली की गिऱ्हाईक शेजारच्या स्टुलावर बसून स्क्रीनकडे बघत राहतं आणि प्रश्न ठरलेले असतात. ते इथे एकत्र केलेत. डिस्क तपासणारे प्रोग्राम स्वतः वापरणाऱ्यांना आणि असे प्रोग्राम लिहू पाहणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलांनाही यातून काही मिळावं, अशी इच्छा आहे.

डिस्क चांगली की खराब एवढं कळलं की झालं. रंगांचा इतका विचार कशाला?

काही वर्षांपूर्वी टॉवेलच्या एका कारखान्याचे अण्णा डिस्क घेऊन आले होते. मी बाहेर होतो. दुकानातल्या मुलाने तिला स्कॅन लावला. त्या प्रोग्राममध्ये चांगला भाग हिरव्या चौकोनाने दिसतो आणि खराब भाग लाल चौकोनाने, मध्ये दुसरं काही नाही. स्कॅन संपल्यावर मुलगा म्हणाला, "अण्णा, सगळं एकसारखं हाय की. काय प्रॉब्लेम नाय." अण्णा डिस्क घेऊन गेले. तीन आठवड्यांनी तीच डिस्क परत आली, तेव्हा विंडोज सुरूच होत नव्हतं. मी जुन्या स्कॅनचा जपून ठेवलेला स्क्रीनशॉट उघडला. तिसऱ्या ओळीत उजवीकडे अकरा चौकोन लालभडक होते.

मुलाला जवळ बोलावून स्क्रीनवर बोट ठेवलं आणि विचारलं, हा कुठला रंग? तो बराच वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "ह्यो शेजारच्यासारखाच हाय ना?" तो निष्काळजी नव्हता. त्याला लाल आणि हिरवा वेगळे दिसतच नव्हते, आणि हे त्याला किंवा मला तोपर्यंत माहीत नव्हतं. अण्णांचा बराचसा डेटा निघाला, पण शेवटच्या दोन महिन्यांचे हिशोब त्यांच्या मुनीमांना बिलांच्या गठ्ठ्यावरून पुन्हा भरावे लागले. त्या मुनीमांच्या पाठीला लागलेली रग मला आजही आठवते. म्हणून रंगांचा विचार.

हे रंग नेमकं काय सांगतात?

बहुतेक वेळा वेळ सांगतात. व्हिक्टोरिया, एमएचडीडी, एचडीडीस्कॅन यांसारखे प्रोग्राम डिस्कचा एकेक तुकडा वाचतात आणि वाचायला किती मिलिसेकंद लागले त्यावरून त्या चौकोनाला रंग देतात. त्या मिलिसेकंदांना अर्थ आहे. ७,२०० आरपीएमची, म्हणजे मिनिटाला ७,२०० फेऱ्यांची डिस्क सेकंदाला १२० फेऱ्या मारते, म्हणजे एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. लॅपटॉपमधली ५,४०० आरपीएमची डिस्क एका फेरीला ११.१ मिलिसेकंद घेते. एखादा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा साठवणीचा छोटा तुकडा, पहिल्या फटक्यात वाचता आला नाही, तर तो पुन्हा वाचणाऱ्या डोक्याखाली (हेडखाली) येईपर्यंत डिस्कला एक पूर्ण फेरी थांबावं लागतं. त्यामुळे ७,२०० च्या डिस्कवर एखादा चौकोन २०० मिलिसेकंदांपर्यंत गेला, तर तेवढ्या वेळात प्लॅटर, म्हणजे आतली तबकडी, चोवीस वेळा फिरलेला असतो. ६०० मिलिसेकंद म्हणजे बहात्तर फेऱ्या. तो रंग बघताना मला आत चाललेली ती धडपड दिसते.

विंडोजवरच्या व्हिक्टोरियाच्या जुन्या, सगळीकडे चालणाऱ्या आवृत्तीत लवकर वाचलेले चौकोन करड्या छटांत असतात. २०० च्या पायरीला हिरवा, ६०० च्या पायरीला केशरी, त्यापुढे लाल, आणि वाचताच न आलेल्या ठिकाणी निळा. इथेच खूप लोक फसतात. सिग्नलची सवय असलेल्या डोळ्याला हिरवा म्हणजे 'चला पुढे'. इथे हिरवा म्हणजे 'इथे उशीर लागतोय' आणि करडा म्हणजे उत्तम. आणि निळा? डिस्कची तब्येत सांगणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये निळा म्हणजे डिस्क ठणठणीत, व्हिक्टोरियात निळा म्हणजे चूक. दोन्ही प्रोग्राम शेजारी उघडून बसलात तर एकाच रंगाचे दोन उलटे अर्थ समोर येतात. त्यात एमएचडीडी आणि एचडीडीस्कॅन यांच्या पायऱ्या १५० आणि ५०० मिलिसेकंदांवर आहेत, म्हणून एकाच डिस्कचा एकच कोपरा दोन प्रोग्रामांत वेगळ्या रंगाचा निघू शकतो.

रंगाचं कोष्टक, ज्याला लेजेंड म्हणतात, ते स्क्रीनवर झाकलं जाऊ देऊ नका. आमच्याकडे प्रत्येक प्रोग्रामचं कोष्टक एका कागदावर पेनाने लिहून मॉनिटरच्या बाजूला चिकटवलंय. रंगाचं नाव, पायरी, आणि पुढे एका शब्दात अर्थ: चांगला, मंद, फार मंद, चूक.

लाल-हिरवा नीट न दिसणारी माणसं खरंच इतकी असतात का?

वाटतं त्यापेक्षा जास्त. युरोपीय वंशाच्या लोकांसाठी नेहमी दिला जाणारा आकडा पुरुषांत शंभरात आठ आणि स्त्रियांत दोनशेत एक असा आहे. वंशानुसार प्रमाण बदलतं आणि आशियात ते याहून कमी सांगितलं जातं, पण जिथे वीस-पंचवीस पुरुष काम करतात तिथे एखादा असा सापडणं मुळीच नवलाचं नाही. लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे ते एकच असतं, त्यात दोष असला तर भरून काढायला दुसरं नसतं. स्त्रियांकडे दोन असतात, म्हणून त्यांच्यात हे कमी.

असं असणाऱ्या माणसाला जग काळं-पांढरं दिसत नाही. त्याला निळा आणि पिवळा सहसा छान ओळखता येतात. गोंधळ होतो तो लाल, हिरवा, तपकिरी, केशरी या गल्लीत. नेमके हेच रंग या प्रोग्रामांनी वापरलेत.

तपासणी सोपी आहे. ठिपक्यांच्या गोलात लपलेला आकडा वाचायला लावणारी इशिहारा चाचणी १९१७ सालापासून वापरात आहे आणि डोळ्यांच्या बहुतेक डॉक्टरांकडे ते पुस्तक असतं. मोबाइलवर बघून ठरवू नका, प्रत्येक स्क्रीनचा रंग वेगळा असतो. डाईंगच्या कारखान्यात सुताची छटा जुळवणाऱ्या माणसाची नजर पारखून घेतात, मग दुसऱ्याचा डेटा हातात घेणाऱ्याची का घेऊ नये? आमचा मुलगा अजून आमच्याकडेच आहे. डिस्क तपासण्यात त्याचा हात धरणारा आता दुकानात कोणी नाही, कारण तो रंगावर विसंबतच नाही, आकडे वाचतो.

मग रंग निवडायचेच झाले, तर कोणते निवडावेत?

ज्या प्रोग्राममध्ये रंग बदलायची सोय आहे, तिथे आधी एक गोष्ट ठरवा: कशाकडे नजर जायला हवी? स्कॅनमध्ये लाखो तुकडे चांगले असतात आणि दहा-वीस वाईट. चांगल्यांना भडक हिरवा दिला तर सगळी स्क्रीन ओरडत राहते आणि ते दहा-वीस दबून जातात. साडीचं अंग शांत ठेवतात म्हणून बुट्टी उठून दिसते, तसंच हे. चांगल्या तुकड्यांना पार्श्वभूमीच्या जवळचा, गप्प बसणारा रंग द्या.

दुसरी गोष्ट उजळपणाची. वेळेच्या पायऱ्या चढत्या आहेत, तर रंगही एकाच दिशेने गडद होत गेले पाहिजेत. हिरवा, पिवळा, लाल यांत तसं होत नाही. पिवळा दोघांपेक्षा उजळ, म्हणजे मधली पायरी सगळ्यात चमकते. रंग काढून नुसता उजेड-अंधार ठेवला तरी क्रम कळला पाहिजे.

पांढऱ्या पार्श्वभूमीवर मी लावतो ते रंग असे. लवकर वाचलेला तुकडा: फिका करडा, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही (शून्य ते २५५ पैकी) २३५. जरा मंद: तिन्ही २००. मंद: केशरी, लाल २३०, हिरवा १५९, निळा ०. फार मंद: गडद विटकरी, लाल १८०, हिरवा ७०, निळा ०. चूक: पूर्ण काळा आणि त्यावर पांढरी फुली. पहिल्या दोन करड्यांत फरक मुद्दाम कमी ठेवलाय, तिथे घाबरायचं कारण नसतं. केशरीपासून पुढे प्रत्येक पायरीला उजळपणा झपकन उतरतो. आमच्या मुलाला हे पाच रंग पहिल्याच दिवशी न विचारता ओळीने सांगता आले.

तिसरी गोष्ट त्या फुलीची. 'चूक' दाखवायच्या चौकोनात नुसता रंग ठेवू नका, खूण ठेवा. इथले जुने चादरीचे डिझायनर आलेखाच्या कागदावर नक्षी काढायचे. एक चौकोन म्हणजे ताणा-बाण्याचा एक छेद, आणि त्यावरून मागाला नक्षी सांगणारं जॅकार्डचं कार्ड पंच व्हायचं. कार्डाला रंग कळत नाही, भोक आहे की नाही एवढंच कळतं. डिस्कच्या नकाशातला खराब चौकोनही तसा ठसठशीत असावा: आहे किंवा नाही.

काळी पार्श्वभूमी बरी की पांढरी?

दोन्ही चालतात, पण रंगांचा संच तोच ठेवून पार्श्वभूमी बदलू नका. वेबच्या सुगम्यतेचे जे जागतिक नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत साध्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ आणि अर्थ सांगणाऱ्या आकृत्यांसाठी किमान ३ : १ उठाव, म्हणजे कॉन्ट्रास्ट, मागितलाय. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१ : १. आता शुद्ध रंगांचं बघा. पांढऱ्यावर पिवळा फक्त १.०७ : १, म्हणजे जवळपास अदृश्य. पांढऱ्यावर शुद्ध हिरवा १.३७. लाल ४, निळा ८.६. काळ्यावर हेच उलटतं: पिवळा १९.६, हिरवा १५.३, लाल ५.२५, आणि निळा २.४४ वर आपटतो. पांढऱ्यावर 'सावधान'चा पिवळा शब्द किंवा काळ्यावर 'चूक' दाखवणारा निळा चौकोन, दोन्ही वाचणाऱ्याशी अन्याय आहेत.

काळ्यावर काम करायचं असेल तर वर दिलेला क्रम उलटा फिरवा. चांगले तुकडे गडद करडे, मंद होतील तसे उजळ, आणि चूक पांढरी फक, त्यावर काळी फुली.

प्रोग्राममध्ये रंग बदलायची सोयच नाही. आता?

विंडोज १० आणि ११ मध्ये कलर फिल्टर आहेत. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, त्यात कलर फिल्टर्स. विंडोज १० मध्ये हाच विभाग 'ईज ऑफ ॲक्सेस' या नावाने सापडतो. तिथे लाल-हिरव्यासाठी दोन आणि निळ्या-पिवळ्यासाठी एक असे फिल्टर आहेत, शिवाय करडा. शॉर्टकटची खूण करून ठेवली की विंडोज, कंट्रोल आणि सी या तीन कळा एकदम दाबून फिल्टर चालू-बंद होतो. लाल-हिरव्याची अडचण असलेल्याने दोन्ही फिल्टर पाळीपाळीने लावून कोष्टकाकडे बघावं. ज्यात पायऱ्या सुट्या दिसतील तो आपला.

करडा फिल्टर मात्र सगळ्यांनी एकदा लावून बघा, नजर कितीही चांगली असो. स्क्रीन करडी झाल्यावर जे दोन रंग एकसारखे दिसतात, ते दोन रंग घाईत, थकलेल्या डोळ्यांनी, रात्री अकरा वाजता तुम्हालाही दगा देणार.

अजून एक. तपासणीचा रिपोर्ट गिऱ्हाइकाला छापून दिला की त्याची पुढे झेरॉक्स होते. झेरॉक्समध्ये लाल काय आणि हिरवा काय, सगळं काळपट. म्हणून आम्ही नकाशाखाली आकडे लिहितो: प्रत्येक पायरीत किती तुकडे, किती चुका, पहिली चूक कितव्या सेक्टरला.

एका प्रोग्राममध्ये पिवळं दिसतं, दुसरा म्हणतो सगळं ठीक. कोणाचं ऐकायचं?

दोघांचं ऐकू नका, आकडा बघा. हार्ड डिस्क स्वतःची एक नोंदवही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यात कंपनीने ठरवलेली एक मर्यादा असते आणि काही प्रोग्राम तीच पाळतात. ती मर्यादा ओलांडेपर्यंत बऱ्याचदा डिस्कचं बरंच काही होऊन गेलेलं असतं. क्रिस्टलडिस्कइन्फो जास्त कडक आहे. ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळींत शून्याव्यतिरिक्त काही आलं की तो सावधानचा पिवळा दाखवतो. ०५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली दिलेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाची वाट बघणारे. सी६ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीत दुरुस्त न झालेले.

एकच पिवळा, पण अर्थ किती वेगळे. ०५ मध्ये ८ आहे आणि वर्षभर ८ च आहे, तर मी म्हणेन वापरा, फक्त बॅकअप ठेवा. सी५ काल ८ होता आणि आज ४० आहे, तर डिस्क आत्ताच्या आत्ता रिकामी करा. रंग दोन्हीकडे तोच राहतो. सुरुवातीला हे आकडे सोळाच्या पद्धतीत (हेक्समध्ये) दिसतात, त्यात '२८' लिहिलेलं खरं म्हणजे ४० असतं. फंक्शन मेन्यूतल्या ॲडव्हान्स्ड फीचरमध्ये जाऊन रॉ व्हॅल्यू दहाच्या पद्धतीत करून घ्या. रंग बदलण्याआधी हे करा.

सी७ ची ओळ वाढत असेल तर संशय आधी केबलवर घ्या. ती ओळ डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या बोलण्यातल्या चुका मोजते. दीडशे रुपयांची केबल बदलून वाचलेल्या डिस्का मी मोजायचं सोडून दिलंय. केबल बदलल्यावर आकडा कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो.

स्कॅनमध्ये मध्येच हिरवे-केशरी ठिपके आले. डिस्क गेली का?

लगेच नाही. त्याच डिस्कवरून विंडोज चालू असेल, अँटिव्हायरस फिरत असेल, कोणी फाईल कॉपी करत असेल, तर डोकं तिकडे पळतं आणि इकडचा चौकोन रंगतो. यूएसबीच्या खोक्यातून तपासतानाही असं होतं. तोच भाग पुन्हा वाचा. ठिपके दुसऱ्या वेळी दुसरीकडे उगवले तर ते बाहेरच्या कारणाचे. त्याच जागी उगवले तर ते डिस्कचे. ही एक सवय लागली की रंगांची अर्धी भीती जाते.

एसएसडीलाही हेच रंग लागू का?

नाही. तिथे फिरणारं काही नाही, फेऱ्यांचा हिशोब संपतो. नकाशा बहुतेक वेळा एकरंगी येतो आणि त्याने काही सिद्ध होत नाही. स्मार्टमधलं उरलेलं आयुष्य आणि चुकांची ओळ बघा.

उन्हाळ्यात तापमानाचा आकडा रंग बदलतो. काळजी करावी का?

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी पार करतो आणि माग चालणाऱ्या शेडमध्ये त्याहून जास्त भासतं. त्यात पंख्याच्या जाळीवर सुताचं तूस बसतं. बऱ्याच डेस्कटॉप डिस्कांची मर्यादा ६० अंश असते. पन्नाशीच्या पुढे रंग बदलला तर आधी जाळी पुसा, डबा भिंतीपासून लांब सरकवा. हा रंग खरा असतो आणि त्यावर इलाजही स्वस्त आहे.

मॉनिटर जुना आहे. त्याने फरक पडतो?

खूप पडतो. स्वस्तातल्या जुन्या टीएन पॅनेलकडे वरून किंवा खालून बघितलं की रंग फिरतात, करडा कधी पांढरा तर कधी काळा होतो. स्टुलावर बसलेलं गिऱ्हाईक आणि खुर्चीवरचा मेकॅनिक यांना एकाच क्षणी वेगळे रंग दिसतात, आणि मग वाद. मॉनिटर डोळ्यांच्या समोर घ्या. नाईट लाईट बंद करा, त्याने सगळ्यावर पिवळट झाक येते आणि फिका करडा व फिका पिवळा एक होतात.

उजेडाचं बोलायचं तर आमच्या दुकानाचं तोंड पश्चिमेला आहे. चार वाजता ऊन थेट स्क्रीनवर यायचं आणि करड्यातले फरक धुऊन जायचे. आम्ही टेबल वळवलं. सूत रंगवणारे छटा जुळवायला ट्यूबखाली बसत नाहीत, उत्तरेकडच्या दारात, सावलीतल्या उजेडात लडी धरतात. ट्यूबखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघतात हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. स्क्रीनला स्वतःचा उजेड असतो, तरी तिच्यावर पडणारा उजेड स्थिर आणि बाजूने येणारा असावा.

मोबाइलवर स्क्रीनचा फोटो पाठवला तर बघून सांगाल?

फोटो नको. मॉनिटरचा फोटो काढला की त्यावर लाटा उमटतात आणि कॅमेरा आपल्या मनाने रंग बदलतो. तुमचा केशरी माझ्याकडे लाल होऊन येतो. स्क्रीनशॉट घ्या, आणि त्यात कोष्टक व खालचे आकडे आले पाहिजेत. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एडिट मेन्यूतून सगळी माहिती मजकूर म्हणून कॉपी होते. ती पाठवलीत तर फारच उत्तम.

आम्ही कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी डिस्क तपासणारं छोटं सॉफ्टवेअर लिहितोय. रंगांबद्दल काय सांगाल?

हा प्रश्न वालचंद आणि विद्यापीठाच्या बाजूची मुलं विचारतात, आणि मला तो सगळ्यात आवडतो, कारण इथे चूक मुळाशीच टाळता येते.

आधी रंगाशिवाय लिहा. खराब डिस्कवरून डेटा काढणारा जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्राम कशी नोंद ठेवतो ते बघा: न बघितलेला भाग म्हणजे प्रश्नचिन्ह, मिळालेला भाग म्हणजे अधिक, खराब सेक्टर म्हणजे वजा, आणि मधल्या टप्प्यांना चांदणी व तिरपी रेघ. पाच खुणा, साधी फाईल, कुठल्याही डोळ्याला वाचता येते. रंग त्यावर नंतर चढवा.

टर्मिनलवर चालणार असेल तर जुन्या सोळा रंगांतला गडद निळा काळ्यावर वापरू नका. त्याचा उठाव जेमतेम १.६ : १ भरतो. मायक्रोसॉफ्टनेही २०१७ मध्ये विंडोज कन्सोलचे रंग बदलले, आणि आधुनिक पडद्यांवर तो गडद निळा वाचता न येणं हे त्यामागचं एक कारण होतं. वापरणाऱ्याने नो_कलर नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावला असेल तर रंग अजिबात छापू नका, हा संकेत आता बरेच प्रोग्राम पाळतात.

तयार रंगसंच हवा असेल तर जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो यांचा आठ रंगांचा संच घ्या. रंगदृष्टीचा फरक असलेल्यांना ओळखता यावा म्हणूनच तो बनवलाय. त्यात एक अडचण मला हिशोब केल्यावर सापडली. त्यातला केशरी आणि आकाशी यांचा उजळपणा जवळजवळ समान आहे. रंगीत पडद्यावर ते छान वेगळे दिसतात, झेरॉक्समध्ये एकच होतात. त्यामुळे 'चांगला' आणि 'मंद' यांना ही जोडी देऊ नका. चढत्या पायऱ्यांसाठी विरिडिससारखी रंगांची सलग पट्टी बरी पडते. आलेख काढणाऱ्या मॅटप्लॉटलिब या पायथन लायब्ररीने २०१७ च्या २.० आवृत्तीपासून तीच मूळ पट्टी म्हणून घेतली, आणि ती करड्यातही क्रमाने उजळत जाते.

उठाव मोजायला सूत्र सोपं आहे. उजळ रंगाच्या उजळपणात ०.०५ मिळवा, गडदच्या उजळपणात ०.०५ मिळवा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. उजळपण काढताना, गॅमा सरळ केल्यावर, म्हणजे रंगांचे आकडे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात आणल्यावर, लालचा वाटा ०.२१२६, हिरव्याचा ०.७१५२ आणि निळ्याचा ०.०७२२. हे आकडे नीट बघितले की निळा काळ्यावर का बुडतो आणि हिरवा पांढऱ्यावर का विरतो ते आपोआप समजतं. आणि तुमच्या वर्गात लाल-हिरव्याची अडचण असलेला कोणी असेल, तर सबमिशनच्या आदल्या दिवशी नको, पहिल्या आठवड्यात त्याला स्क्रीनसमोर बसवा.

लाल किंवा 'चूक' दाखवणारे चौकोन दिसलेच. पुढे काय करू?

स्कॅन थांबवा. पूर्ण नकाशा बघायची उत्सुकता आवरा. अशक्त डिस्कला प्रत्येक खराब तुकड्यावर पन्नास-साठ फेऱ्या मारायला लावणं म्हणजे तिची उरलेली ताकद संपवणं. व्हिक्टोरियात इग्नोर, इरेज, रिमॅप असे पर्याय असतात. डेटा हवा असेल तर इग्नोर सोडून कशालाही हात लावू नका, इरेज त्या सेक्टरमधलं पुसूनच टाकतं. महत्त्वाच्या फाईली आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या: हिशोब, लग्नाचे फोटो, जॅकार्डची डिझाइनं. डिस्क टकटक आवाज करत असेल तर तेही करू नका, वीज काढा, कागदात नको तर जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि हातात धरून घेऊन या. गाडीच्या डिकीत टाकू नका.